चित्राआधी भांडं पाहा: अँडीजमधली प्राचीन मृत्पात्रं आणि त्यांचे विधी

प्रश्न असा आहे: पेरूमधल्या प्राचीन मातीच्या भांड्यांवर जॅग्वार, घुबड, साप, कापलेली मुंडकी, गळ्यात दोर बांधलेले कैदी दिसतात. कुठल्या चिन्हाचा काय अर्थ, हे एकत्र कुठे मिळेल? ही सगळी भांडी विधीचीच होती का? आणि आपल्या कलशासारखी काही कल्पना त्यामागे आहे का?

चिन्हांच्या याद्या शोधल्यात तर भरपूर मिळतील. जॅग्वार म्हणजे शक्ती, साप म्हणजे पाणी, घुबड म्हणजे मृत्यू, अशा. पण त्यांच्या भरवशावर राहू नका, असं मी स्पष्टच सांगेन. मी प्राचीन मृत्पात्रांच्या जतनाचं काम करते. तुटलेली भांडी जोडणं, साफ करणं, ती कशी घडवली आणि कशी वापरली याच्या खुणा शोधणं, हा माझा रोजचा उद्योग. त्यामुळे माझी नजर चित्रावर जाण्याआधी भांड्याच्या आकारावर, तोंडावर, बुडावर आणि तुटलेल्या कडेवर जाते. अँडीजच्या बाबतीत ही सवय फार कामाला येते. तिथे विधी भांड्यावर नुसता रंगवलेला नसतो, भांडं स्वतः तो पार पाडतं. ते पेय धरतं, ओततं, जोडीने प्यायला लावतं, वेळ आली की मुद्दाम फोडलं जातं, आणि एखाद्या थडग्यात तर माणसाच्या डोक्याच्या जागी ठेवलं जातं. हे समजलं की चित्रांचा अर्थ लावणं पुष्कळ सोपं होतं.

आधी आवाका लक्षात घ्या. आपण ज्याला सरसकट 'पेरूची भांडी' म्हणतो त्यात दोन-अडीच हजार वर्षांचा काळ आणि एकमेकांहून वेगळे समाज येतात. डोंगरातलं चाविन दे वांतार हे मंदिरस्थान इसवी सनापूर्वीचं. उत्तर किनाऱ्यावरचे मोचे साधारण इसवी सन १०० ते ८०० मधले, दक्षिण किनाऱ्यावरचे नास्का जवळपास त्याच काळातले. त्यानंतर डोंगराळ भागात वारी आणि तितिकाका सरोवराकाठी तिवानाकू. मग उत्तरेला काळ्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले चिमू, आणि शेवटी इंका, ज्यांचं साम्राज्य स्पॅनिश लोकांनी १५३२ नंतर मोडलं. यांपैकी कुणाकडेही आपल्या अर्थाने लिपी नव्हती. कुंभाराचं चाकही नव्हतं. सगळी भांडी हाताने, वळ्या रचून किंवा साच्यात दाबून केलेली. मोचेंचं घुबड आणि नास्कांचा देवमासा एकाच कोशात बसवता येत नाहीत, त्याचं कारण हेच.

कलशाचं म्हणाल, तर भांड्याला पोट, गळा, तोंड असं शरीर मानणं दोन्हीकडे आहे आणि त्यातली द्रवाची प्रतिष्ठाही दोन्हीकडे आहे. ऐतिहासिक संबंध मात्र काही नाही. आपला कलश भरून स्थिर ठेवायचा असतो, भरलेपण हेच त्याचं मांगल्य. अँडीजमधल्या भांड्यांत सगळा भर द्रव वाहण्यावर आणि एकाकडून दुसऱ्याकडे जाण्यावर आहे. साम्य बघून पुढचा अर्थ आपल्याकडून उसना घेतला, तर वाट चुकेल.

आता एक मोचे बाटली जवळून पाहू. गोल किंवा शिल्पासारखं पोट, वरून घोड्याच्या रिकिबीसारखी वळलेली पोकळ नळी, आणि त्या कमानीच्या मध्यावर एकच उभं तोंड. हा आकार मोचेंच्या कितीतरी आधीपासून उत्तर किनाऱ्यावर होता आणि त्यांच्या नंतर चिमूंनीही तो सोडला नाही. हातात घेतली की ती दिसते त्यापेक्षा हलकी लागते. दोन भागांच्या साच्यात माती आतून बोटांनी दाबून बसवलेली असते. फुटलेल्या बाटलीच्या आतल्या बाजूला ते बोटांचे ठसे तसेच राहिलेले दिसतात. जोड बाहेरून घासून गुळगुळीत केलेला, आतून मात्र ओबडधोबड, कारण तोंड बंद झाल्यावर आत हात घालायला वावच नाही. नळी वेगळी वळून मग चिकटवायची. सर्वांत जास्त मोडणारी जागा तीच, आणि सर्वांत जास्त कौशल्य मागणारीही. ओतताना एका बाजूने हवा आत शिरते, दुसरीने पेय बाहेर येतं. अरुंद तोंडामुळे सांडत नाही, वाळवंटी किनाऱ्यावर बाष्पीभवनही कमी होतं. पेरूचे पुरातत्त्वज्ञ राफाएल लार्को ओयले यांनी १९४८ मध्ये याच तोंडाच्या कडेतले बारीक फरक पकडून मोचे भांड्यांचे पाच टप्पे पाडले. आज त्या क्रमाला ठिकठिकाणी दुरुस्त्या झाल्या आहेत, पण तो ओलांडून कुणी पुढे जात नाही.

या बाटल्यांवर फिकट लेपावर तांबड्या-तपकिरी बारीक रेषांनी दृश्यं रंगवलेली असतात. पट्टा पोटाभोवती फिरतो, म्हणून बाटली हातात फिरवल्याशिवाय गोष्ट पूर्ण दिसत नाही. पुस्तकात ती सपाट उलगडून छापतात आणि तिथेच बऱ्याच वाचकांची गफलत होते. सपाट चित्राला सुरुवात आणि शेवट येतो, बाटलीवर तसा नसतो.

त्यातलं एक दृश्य वारंवार येतं. किरणांचं वलय असलेला योद्धा एका उंच पेल्याकडे हात करतो. त्याच्यासमोर अर्धा पक्षी, अर्धा माणूस असलेला एक जण. मागे दोन मोठे तुरे असलेली स्त्री. खाली हात बांधलेले नग्न कैदी, त्यांचे गळे चिरलेले आणि रक्त गोळा होत असलेलं. मोचेंचे अभ्यासक क्रिस्टोफर डॉनन यांनी १९७० च्या दशकात ही दृश्यं एकत्र मांडून दाखवून दिलं की पात्रं ठरलेली आहेत. त्यांचे वेश ठरलेले आहेत आणि चित्रकार मोठ्या कथानकातला कमी-जास्त तुकडा घेतो आहे. कुठे फक्त पेला रंगवला तरी बघणाऱ्याला पूर्ण प्रसंग कळत असणार. तरी ही देवांची गोष्ट की माणसांनी खरोखर केलेला विधी, हे चित्रावरून ठरत नव्हतं.

१९८७ मध्ये सिपान इथे लुटारूंनी एक थडगं फोडलं. पुरातत्त्वज्ञ वॉल्टर आल्वा यांनी धावपळ करून उरलेल्या जागेचं उत्खनन केलं, आणि न लुटलेलं थडगं सापडलं. त्यातल्या पुरुषाच्या अंगावर आणि भोवती तोच साज होता जो चित्रातल्या किरणधारी योद्ध्याचा होता. शेजारच्या दुसऱ्या थडग्यातला माणूस पक्षीवेशधारी पात्राशी जुळला. १९९१ मध्ये सान होसे दे मोरो इथे डॉनन आणि लुइस हाइमे कास्तियो यांना एका स्त्रीचं थडगं मिळालं. त्यात तशाच दोन मोठ्या तुऱ्यांचं शिरोभूषण होतं आणि त्या दृश्यात दिसतो तसा उंच पेलाही होता. म्हणजे ही पदं खरी होती. माणसं ती धारण करत, मेल्यावर त्याच वेशात पुरली जात, आणि ती जागा पुढच्याकडे जात असणार. माझ्या मते अँडीजच्या मृत्पात्रांच्या अभ्यासातला हा सर्वांत मोठा क्षण आहे. भांड्यावरचं चित्र आणि जमिनीतला माणूस एकमेकांना इतके स्पष्ट साक्षीदार क्वचितच होतात.

बळीही खरे होते. उआका दे ला लुना या मोचे मंदिराच्या एका चौकात स्टीव्ह बूर्झे यांना १९९५ पासूनच्या उत्खननात सत्तरहून अधिक पुरुषांचे अवशेष मिळाले. त्यांतले काही जण मुसळधार पावसाच्या चिखलात पडलेले होते. त्या किनाऱ्यावर असा पाऊस एल निन्योच्या वर्षीच येतो. सोबत कच्च्या, न भाजलेल्या मातीच्या बसलेल्या कैद्यांच्या मूर्ती, गळ्यात दोर, आणि त्या जाणूनबुजून फोडलेल्या. खऱ्या माणसाचा बळी आणि मातीच्या माणसाचा बळी एकाच ठिकाणी, एकाच कृतीत. एका मोचे पेल्यावर मानवी रक्ताचे अंश मिळाल्याचंही १९९८ मध्ये प्रसिद्ध झालं. इतक्या जुन्या अवशेषांवरच्या अशा चाचण्या जपूनच घ्यायच्या असतात, पण इतर सगळा पुरावा त्याच दिशेला बोट दाखवतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न, सगळी भांडी विधीचीच का? अर्थातच नाही. उत्खननात सर्वांत जास्त निघतात ती साधी रांधायची, साठवायची मडकी. संग्रहालयात ती मांडली जात नाहीत इतकंच. शिवाय 'विधीचं भांडं' आणि 'वापरातलं भांडं' अशी भिंत उभी करू नका. थडग्यातून आलेल्या उत्तम मोचे बाटल्यांची बुडं अनेकदा झिजलेली असतात. कडा टवके उडालेल्या, काही ठिकाणी त्याच काळात केलेली दुरुस्ती. कुणीतरी त्या वर्षानुवर्षं हाताळल्या, मेजवान्यांत मिरवल्या आणि मग मृतासोबत दिल्या. चेहऱ्याच्या प्रसिद्ध बाटल्यांचंही तसंच. त्यांत ओळखू येणाऱ्या व्यक्ती आहेत. ओठावर व्रण असलेला एक माणूस तर लहानपणापासून तिशीपर्यंत वेगवेगळ्या वयांत दिसतो. त्याच्या मृत्यूसाठी एकदाच घडवलेली ही मूर्ती नव्हे.

मोचेंच्या संभोगदृश्यांच्या भांड्यांबद्दलही हेच म्हणेन. लोक ती पाहून लाजतात किंवा 'प्रजननाची पूजा' म्हणून मोकळे होतात. त्याऐवजी द्रव कुठून आत जातो आणि कुठून बाहेर येतो ते पाहा. पिणाऱ्याला ते शरीरातूनच प्यावं लागतं. यातल्या बऱ्याच दृश्यांत एक जण सांगाडा असतो. मेलेले आणि जिवंत यांच्यात काहीतरी वाहतं आहे, एवढं भांडंच सांगतं.

नास्कांकडे येऊ. इथे रिकिबीचा आकार नाही. दोन तोंडं आणि त्यांना जोडणारी पट्टी असते. त्यांच्या आधीच्या पाराकास लोकांनी भाजून झाल्यावर राळेत कालवलेले रंग लावले होते, ते सहज खरवडले जातात. नास्कांनी खनिज रंगांचा पातळ मातीचा लेप भाजण्याआधी लावायला सुरुवात केली आणि दहा-बारा छटा कायमच्या पक्क्या केल्या. काळ्यासाठी मँगनीज, तांबड्यासाठी लोहयुक्त माती. दीड हजार वर्षांनी ओल्या कापसाने पुसताना तो रंग जागचा हलत नाही, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

त्यांच्या चित्रांत कापलेली मुंडकी पदोपदी. खरी मुंडकीही सापडली आहेत. कपाळाला भोक पाडून दोर ओवलेला, ओठ काट्यांनी टाचलेले. बराच काळ ही शत्रूची, युद्धात जिंकलेली शिरं मानली जात. २००९ मध्ये हाडा-दातांतल्या समस्थानिकांची तपासणी झाली, तेव्हा तपासलेली माणसं त्याच प्रदेशात वाढलेली असल्याचं दिसलं. 'शत्रू' हा शब्द तेव्हापासून जपून वापरावा लागतो. भांड्यांवर या मुंडक्यांच्या तोंडातून रोपटी फुटताना दाखवलेली असतात, म्हणजे कापलेलं डोकं इथे बियाण्याचं काम करतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा ला तिसा इथल्या एका दफनात आहे. क्रिस्टिना कॉनली यांच्या पथकाला २००४ मध्ये मांडी घालून बसवलेला एक तरुण पुरुष मिळाला. डोकं नव्हतं आणि मानेच्या मणक्यावर कापल्याच्या खुणा होत्या. शेजारी डोक्याच्या आकाराचं एक भांडं ठेवलेलं. त्यावर माणसाचा चेहरा, आणि त्यातून उगवणारं झाड. शिर नसलेल्या शरीराला अशी भांडी दिल्याची नास्का भागात आणखीही उदाहरणं आहेत. हे भांडं त्या माणसाचं डोकं 'दर्शवतं' असं म्हणणं मला अपुरं वाटतं. पुरणाऱ्यांच्या दृष्टीने शरीर पूर्ण करण्याचं काम त्याने केलं होतं. जगात इतक्या ठिकाणी मडक्यात अस्थी ठेवल्या जातात, पण मडक्याने माणसाचा अवयव व्हावं असं फार थोड्या ठिकाणी घडतं.

फोडण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण माझं काम मुळात तुकड्यांशीच आहे. अपघाताने पडलेलं भांडं आणि ठरवून फोडलेलं भांडं बहुधा वेगळं ओळखता येतं. ठोका कुठे बसला, तुकडे कसे पसरले, ते सगळे एकाच खड्ड्यात आहेत का, काही वगळले आहेत का, हे बघायचं. चाविन दे वांतारच्या भूमिगत दालनांपैकी एकात लुइस लुंब्रेरास यांना १९६० च्या दशकात वेगवेगळ्या प्रदेशांतून आणलेली शेकडो भांडी फोडलेल्या अवस्थेत मिळाली, प्राण्यांच्या आणि माणसांच्या हाडांसोबत. नास्कांच्या काउआची या तीर्थस्थानी मातीच्या पावा, म्हणजे अनेक नळ्यांच्या बासऱ्या, मोडून पुरलेल्या सापडल्या. वारींनी हे सर्वांत भव्य केलं. आजच्या आयाकुचो शहरालगतच्या कोंचोपाता इथे हूलिओ तेयो यांना १९४२ मध्ये प्रचंड रांजणांचे तुकडे मिळाले, १९७७ मध्ये आणखी एक साठा निघाला. त्यांवर दोन हातांत दोन दंड धरलेला देव रंगवलेला, आणि घाव नेमके त्या देवाच्या तोंडावर आणि छातीवर घातलेले. देवाचा राग म्हणून कुणी हे केलं असेल असं मला वाटत नाही. ज्यांनी इतक्या मेहनतीने तो देव रंगवला त्यांच्याच माणसांनी तो फोडला. बळीच्या माणसाला जे केलं जायचं, तेच भांड्याला.

मला सर्वांत जवळचं वाटतं ते सेरो बाउल. दक्षिण पेरूत मोकेग्वा भागात सपाट माथ्याचा कडा आहे, त्यावर वारींची वसाहत होती. तिथे चिचा बनवण्याचा मोठा कारखाना सापडला. मोये झाडाच्या मिरीसारख्या फळांपासून आणि मक्यापासून हे आंबवलेलं पेय करत, एका वेळी सुमारे १,८०० लिटर. शालीला लावायच्या स्त्रियांच्या टाचण्या तिथल्या जमिनीत मिळाल्या, त्यावरून पेय करणाऱ्या स्त्रिया आणि त्याही प्रतिष्ठित घरांतल्या असाव्यात असं मानतात. इसवी सन १००० च्या सुमारास वसाहत सोडायची ठरली तेव्हा शेवटची चिचा गाळली गेली. पिऊन झाली, इमारतीला आग लावली, आणि पिणाऱ्यांनी आपापले पेले त्या आगीत फेकले. २८ केरो तिथे फुटलेले मिळाले. केरो म्हणजे वर रुंद होत जाणारा उंच पेला. ते लहान-मोठ्या ठरावीक मापांत आहेत, बहुधा पिणाऱ्याच्या दर्जाप्रमाणे. राख थंड झाल्यावर तिच्यावर हार ठेवले गेले. पेल्यांवर काय रंगवलंय हे इथे दुय्यम ठरतं. एका समाजाने आपला निरोप पेला फोडून घेतला, हे त्या तुकड्यांच्या जागेवरूनच कळतं. तितिकाकातल्या परिती बेटावरही २००४ मध्ये तिवानाकू काळातल्या अप्रतिम भांड्यांचा असाच फोडलेला साठा मिळाला.

चिमूंबद्दल मी थोडक्यात उरकते. धूर कोंडून भाजलेली त्यांची काळी भांडी सुंदर आहेत, पण साच्यांतून इतक्या प्रमाणात निघालेली की दृश्यांची गुंतागुंत ओसरलेली. दोन पोटांच्या शिट्टी वाजवणाऱ्या बाटल्या मात्र जरूर पाहा. पाणी भरून एका बाजूला कलती केली की पाणी दुसऱ्या पोटात जातं, हवा ढकलली जाते आणि भांड्यावरचा पक्षी बोलतो. असा आवाज काढणाऱ्या बाटल्या चिमूंच्या पुष्कळ आधीपासून होत होत्या.

इंकांकडे आलं की भांड्यावरचं चित्र जवळजवळ भूमितीपुरतं उरतं, आणि विधी पूर्णपणे वापरात दिसू लागतो. पेले जोडीने केलेले असतात. यजमान एक स्वतः घेतो, दुसरा समोरच्याला देतो. नाकारणं म्हणजे नातंच नाकारणं. स्पॅनिशांशी झालेल्या पहिल्या गाठीभेटींबद्दल इंका वंशातल्या टितु कुसी युपांकी याने १५७० मध्ये सांगितलेली हकिगत आहे. तेव्हाचा इंका राजा आताउआल्पा याने सोन्याच्या पेल्यात चिचा दिली, आणि स्पॅनियार्डने ती जमिनीवर ओतून टाकली. इंका संतापला. स्पॅनिश बाजूच्या हकिगतींत मात्र आताउआल्पाने भिरकावलेल्या धर्मग्रंथालाच सगळं महत्त्व आहे. दोघांनी एकमेकांचा पवित्र पदार्थ ओळखला नाही.

जमिनीला पाजण्यासाठी इंकांकडे 'पाच्चा' नावाचं वेगळंच भांडं होतं. एका प्रसिद्ध प्रकारात पायाने दाबायच्या नांगराचा लांब दांडा, त्यावर मक्याचं कणीस आणि चिचा वाहून न्यायचा टोकदार बुडाचा रांजण, असं तिन्ही एकत्र घडवलेलं असतं. रांजणात पेय ओतलं की ते दांड्यातून वाहत नांगराच्या टोकाशी जमिनीत जातं. नांगरणी, पीक, पेय आणि पुन्हा जमीन असं चक्र हातात धरून चालवता येतं. अँडीजच्या भांड्यांबद्दल कुणाला एकच वस्तू दाखवायची झाली तर मी हीच दाखवते.

अर्थ लावताना दोन गोष्टी सांभाळा. आजही तिथल्या गावांत पिण्याआधी पृथ्वीमातेला, पाचामामाला, थोडं पेय जमिनीवर सांडतात. त्यावरून इंकांपर्यंत मागे जायला हरकत नाही, पण तिथून थेट मोचेंवर उडी मारायची तर मध्ये कित्येक शतकं आणि वेगळी भाषा आहे. दुसरं, संग्रहालयांतली बहुसंख्य भांडी लुटीतून आलेली आहेत. कुठल्या थडग्यात, कुणाच्या कुठल्या बाजूला, भरलेलं की फोडलेलं, हे सगळं कायमचं गेलं. सिपानचा पुरुष कोण होता हे कळलं ते उत्खनन झालं म्हणूनच. तीच भांडी आणि दागिने बाजारात सुटे विकले गेले असते, तर नुसत्या सुंदर वस्तू उरल्या असत्या. म्हणून चिन्हाचा अर्थ ठामपणे सांगणाऱ्याला मी आधी विचारते, हे भांडं सापडलं कुठे?

तुम्हाला घरबसल्या सुरुवात करायची असेल तर लिमाच्या लार्को संग्रहालयाचा कॅटलॉग ऑनलाइन खुला आहे. प्रत्यक्ष गेलात तर तिथलं भांडारही पाहता येतं, फडताळांवर एकाच विषयाची भांडी शेजारी शेजारी लावलेली असतात. एका भांड्यासमोर थांबण्याऐवजी एकाच प्रकारची वीस भांडी ओळीने पाहा आणि काय बदलतं, काय बदलत नाही ते टिपा. तोंडं कुठे आहेत, द्रव कोणत्या वाटेने जाईल, बूड झिजलंय का, जोड जुना की नवा, हे आधी लिहा आणि मगच चित्राकडे या. आणि लिमा-कुस्कोच्या बाजारात कुणी 'खरं जुनं' म्हणून काही देऊ केलं तर घेऊ नका. बहुतेक वेळा ते बनावट असतं, आणि खरं असेल तर कुठल्यातरी थडग्याची माहिती पुसून आलेलं असतं. पेरूच्या कायद्याने ते देशाबाहेर नेणं हा गुन्हाही आहे. प्रतिकृती हवी असेल तर आजच्या कुंभाराकडून त्याची म्हणूनच विकत घ्या.